दारू ओतायला शिकायचं काय असतं?

रामबागेत आमच्या समोर राहणाऱ्या काकू परवा सकाळी पोह्यांची ताटली घेऊन आल्या आणि ती टेबलावर टेकवायच्या आधीच म्हणाल्या, "तू इतकी वर्षं त्या लायनीत काढलीस, तूच सांग आता. नातू हॉटेल मॅनेजमेंट करून राहिलाय, ते ठीक. पण आता म्हणतो बारटेंडिंगचा वेगळा कोर्स करणार. अरे, बाटलीतली दारू ग्लासात ओतायची, त्यात शिकायचं काय असतं? आणि सरकारने तर अहाते बंद केले. मग याला नोकरी देणार कोण?"

मी बावीस वर्षं इंदूरच्या हॉटेलांत बारच्या काउंटरमागे उभा होतो. माझी आई नातेवाइकांना "हॉटेलात असतो" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. त्यामुळे काकूंचा प्रश्न मला नवा नव्हता, पण त्याचं नीट उत्तर मी कधी कुणाला बसून दिलं नव्हतं. ते आता देतो. हा पेशा मापावर उभा आहे. किती द्यायचं आणि कुठे हात आखडायचा, हे ज्याला कळतं तो बारटेंडर. हजारो वर्षांपूर्वीच्या कायद्यांतही काउंटरमागच्या माणसाकडून हीच अपेक्षा केलेली सापडते.

## दुकान, अहाता आणि बार

आधी बातम्यांमधला गोंधळ सोडवू. मध्य प्रदेशात दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायची जागा असायची, तिला अहाता म्हणत. १ एप्रिल २०२३ पासून राज्यातले सगळे अहाते बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून १९ धार्मिक ठिकाणी दारूची विक्रीच थांबली. त्यात उज्जैन आणि ओंकारेश्वर आहे, अहिल्याबाईंचं महेश्वरही आहे. आणि त्याच २०२५-२६ च्या धोरणात 'लो अल्कोहोल बेव्हरेज बार' नावाचा एक नवा परवाना आला. तिथे फक्त बिअर, वाइन आणि बाटलीबंद मिश्र पेयं द्यायची, तीसुद्धा ज्यांत अल्कोहोल १० टक्क्यांपर्यंतच आहे अशी. एका हाताने बंद आणि दुसऱ्या हाताने सुरू असं वाटून लोक चक्रावतात.

दुकानदार बंद बाटली विकतो. ती कोण, कुठे, किती पितो याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. अहात्यात बाटली तुमची, ग्लास तुमचा आणि माप तुमच्या मनाचं. बारमध्ये मात्र काउंटरमागे एक माणूस असतो. तो तुमच्यासमोर मोजतो, लागेल तसं मिसळतो आणि तुमच्याकडे लक्ष ठेवतो. तो बारटेंडर. आम्ही सुरुवातीला नुसतं बारमन म्हणायचो.

काकूंना मी जुन्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं उदाहरण दिलं. पूर्वी डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि आत कंपाउंडर लाल मिक्श्चर बनवून बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून द्यायचा. एका वेळी एक खूण. औषधाच्या दुकानात बाटली विकणारा आणि हा कंपाउंडर, दोघांच्या हातात औषधच असतं, पण काम एक नाही. काकूंना ते लगेच पटलं, कारण त्यांचे वडील खंडव्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. तसाही 'दारू' हा शब्द फारसीतून आला तो औषध या अर्थाने. आपण 'दवादारू' म्हणतो त्यात तो अर्थ अजून जिवंत आहे.

## मापात खोट केली तर नदीत

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कायदे कोरून घेतले. तो शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातली काही कलमं थेट मद्यगृह चालवणाऱ्यांवर आहेत, आणि मूळ शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणजे हा धंदा तेव्हा बायका चालवत. पेयाचा मोबदला घेताना तिने मोजमापात लबाडी केली तर तिला पाण्यात टाकावं, असं एक कलम सांगतं. पुढचं कलम त्याहून कडक आहे. तिच्या घरी कट करणारे लोक जमले आणि तिने त्यांना पकडून राजवाड्यावर नेलं नाही, तर तिला मृत्युदंड. शिक्षा आज अमानुष वाटते, पण अपेक्षा ओळखीची आहे. पेय देणाऱ्याने माप सांभाळावं आणि समोर कोण बसलंय हेही पाहावं.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्यावर आख्खा अध्याय आहे. पानागार, म्हणजे पिण्याची जागा, कशी असावी हे त्यात खोल्यांच्या मांडणीपासून सांगितलंय. वेगवेगळ्या खोल्या, त्यांत वेगवेगळी आसनं, ऋतूप्रमाणे फुलं, सुगंध आणि पाणी. मद्य द्यायचं ते ओळखीच्या, चांगल्या वर्तनाच्या माणसाला आणि तेही थोड्या थोड्या मापाने. कोण ऐपतीबाहेर खर्च करतोय यावर हेरांनी नजर ठेवायची. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम असा, की नशेत पडलेल्या गिऱ्हाइकाची वस्तू हरवली तर मालकाने ती भरून द्यावी आणि वर तेवढाच दंड भरावा. मी नोकरीला लागलो तेव्हा हे मला कोणी सांगितलं असतं तर मी आईला छातीठोकपणे सांगितलं असतं की माझ्या कामाचे नियम कौटिल्याने लिहिलेत.

ग्रीक लोकांची रीत याहून सौम्य होती. ते वाइनमध्ये पाणी घालूनच पीत, आणि त्या रात्री किती पाणी घालायचं हे ठरवायला मेजवानीत एकाला प्रमुख नेमत.

## आबदारखाना आणि महूची छावणी

मराठी राज्यातल्या अठरा कारखान्यांच्या, म्हणजे दरबारी खात्यांच्या, याद्या पाहिल्या तर त्यांत शरबतखाना भेटतो आणि आबदारखानाही भेटतो. फारसीत 'आब' म्हणजे पाणी. पाणी आणि पेयं गार करून, राखून, वेळेवर हजर करणारा तो आबदार. बर्फ नसताना तो सोरा नावाचा क्षार घातलेल्या पाण्यात सुरई फिरवत राहायचा. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, त्यामुळे सुरईतलं पाणी गार होतं. (अठरात 'दारूखाना'ही आहे, पण ती तोफेची दारू.) याच 'आब'वरून अबकारी हा शब्द आला, आणि आजही बारचा परवाना अबकारी खात्याकडूनच घ्यावा लागतो.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी हा आबदार उचलला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इथून जवळच महूची छावणी बसली. अशा छावण्यांमधल्या मेसमध्ये आणि साहेबांच्या क्लबांमध्ये पेयं सांभाळणाऱ्या माणसाला आबदारच म्हणत. मालकाच्या आवडीचं माप त्याला तोंडपाठ असे. 'छोटा पेग' आणि 'बडा पेग' हे शब्द त्याच काळातले, आणि आजही आपण ३० मिलिला छोटा आणि ६० मिलिला मोठा म्हणतो.

त्या आधीची एक गोष्ट. 'पंच' हे पेय इंग्रजीत पोचलं ते हिंदुस्थानात आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांमार्फत. १६३२ च्या एका पत्रात त्याचा उल्लेख सापडतो. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस, म्हणून आपल्या 'पाच'वरून नाव पडलं असं बहुतेक जण मानतात. पंच मोठ्या वाडग्यात व्हायचं आणि सगळे त्यातून घ्यायचे. एका माणसासाठी एक ग्लास वेगळा बनवायचा, ही गोष्ट पुढे आली.

मात्र एक अवघड गोष्ट मला इथे लिहायलाच हवी. आपल्याकडे दारू गाळणं आणि विकणं हे जन्माने ठरलेलं काम होतं. माळव्यात दारूच्या दुकानाला अजून जुनी माणसं 'कलाली' म्हणतात, ते कलाल या जातीच्या नावावरून. पिणाऱ्याची प्रतिष्ठा शाबूत राहायची आणि देणाऱ्याला कमी लेखलं जायचं. माझ्या आईचं ते विषय बदलणं तिथूनच आलं होतं, असं मला आता वाटतं.

## बर्फाने काय केलं

नुसता ओतणारा माणूस कारागीर कधी झाला? माझ्या मते बर्फ आल्यावर. अमेरिकेत फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ करवतीने कापून जहाजांनी विकायचा. १८३३ साली त्याने बोस्टनहून कलकत्त्याला १८० टन बर्फ पाठवला. जहाजाला चार महिने लागले, दोनदा विषुववृत्त ओलांडावं लागलं, तरी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक उतरला. नीट वेष्टून ठेवला होता म्हणून. खुद्द अमेरिकेत तर बर्फ साध्या खानावळीतसुद्धा परवडू लागला.

बर्फ हाताशी आला की पेय बनवणं सोपं होत नाही, अवघड होतं. लिंबू सरबताचा विचार करा. घरी पातेलंभर सरबत केलं आणि पाहुण्यांच्या ग्लासांत बर्फ टाकला, तर पहिला घोट गोड लागतो आणि शेवटचा पाणचट. चांगली गृहिणी हे ओळखून सरबत जरा घट्टच करते. बारटेंडर हेच करतो, फक्त सेकंद मोजून.

शेकर म्हणजे झाकणाचा धातूचा पेला. त्यात दारू, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि बर्फ घालून तो दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचा. आत दोन गोष्टी एकदम होतात. बर्फ वितळताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो, म्हणून पेय झपाट्याने गार होतं. आणि वितळलेलं पाणी पेयातच जातं. तयार ग्लासात साधारण चौथा ते तिसरा हिस्सा हे बर्फाचं पाणी असतं. ते पाणी कमी पडलं तर पेय घशाला लागतं, जास्त झालं तर बेचव. लहानपणी अंगणात आइस्क्रीमचा लाकडी पॉट फिरवला असेल तर आठवा, बर्फात जाडं मीठ का टाकायचो? मिठाने बर्फ शून्याच्या खाली जातो. शेकरमध्ये मिठाचं काम अल्कोहोल करतं. म्हणून नीट हलवलेलं पेय शून्याखाली पाच अंशांच्या आसपासही जाऊ शकतं आणि पेल्याच्या बाहेर पांढरं दव गोठतं. ते दव धरलं की हात थांबवायचा. माझ्या उस्तादांनी मला घड्याळ पाहू दिलं नाही. तळव्याला चटका बसला की थांब, एवढंच म्हणायचे. तीन महिने मी रोज साध्या पाण्यावर आणि लिंबावर ते शिकलो, आणि हिवाळ्यात माझ्या डाव्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती.

'कॉकटेल' हा शब्दही याच सुमाराचा. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने वाचकाला त्याचा अर्थ छापून सांगितला: कुठलीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या-साली दारूत मुरवून काढलेला अर्क, थेंबांनी मोजायचा. आज या शब्दाखाली शेकडो पेयं येतात, पण जुनी व्याख्या या चार वस्तूंचीच.

## उस्तादाची विद्या छापली गेली

ही सगळी विद्या सुरुवातीला आपल्या गाण्याच्या घराण्यांसारखी होती. उस्तादाजवळ असायची, मर्जीतल्या शागिर्दाला मिळायची आणि कधी उस्तादाबरोबर संपायची. मग १८६२ मध्ये जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारटेंडरने कृतींचं पुस्तक छापलं. अमेरिकेत छापलेलं असं ते पहिलं पुस्तक मानतात. भातखंड्यांनी घराण्यांच्या चिजा स्वरलिपीत आणून छापल्या तेव्हा गाण्यात जे झालं, तेच इथे झालं. ज्याला कोणी उस्ताद नव्हता, त्यालाही दार उघडलं. वाचून कोणी मोठा गवई होत नाही हे खरं, पण निदान चीज हरवत नाही.

हाच थॉमस पेटलेली व्हिस्की एका मगातून दुसऱ्या मगात ओतून लोकांना थक्क करायचा. बाटल्या हवेत उडवणं ही आजकालची थेरं आहेत असं जे म्हणतात, त्यांनी एकदा रात्री इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत जावं. दहीबड्याचा द्रोण हवेत भिरकावून, झेलून, एका चिमटीतून एकेक मसाला वेगळा सोडणारा हात आपण इंदूरकर कौतुकाने पाहतो. ती करामत पाहायला गर्दी होते, आणि चव बिघडली असती तर ती गर्दी दुसऱ्या दिवशी आली नसती. बारमध्येही तसंच असतं.

## बंदीने कारागीर पांगले

१७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. या जवळपास चौदा वर्षांत तिथले निष्णात बारटेंडर लंडन, पॅरिस, हवानाला गेले आणि आपली कृती तिकडे रुजवून बसले. देशात मागे राहिली ती चोरटी दारू. तिचा वाईट वास लपवायला त्यात वाटेल ते गोड घालायची सवय लागली. बंदी उठली तेव्हा पिणारे होते, शिकवणारे उरले नव्हते. १९५१ मध्ये इंग्लंडच्या टॉर्की गावी बारटेंडरांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि प्रमाणित कृती, स्पर्धा, प्रशिक्षण सुरू झालं. नातू ज्या कोर्सबद्दल बोलतोय त्याची मुळं तिथवर जातात.

## बाईमाणसाचं काम आहे का हे?

काकूंनी हे विचारलं नव्हतं, पण त्यांची नात शेजारी बसून सगळं ऐकत होती आणि तिने विचारलं. बाबिलोनमध्ये बायकाच हे काम करत, हे वर आलंच. लंडनच्या सव्हॉय हॉटेलच्या अमेरिकन बारमध्ये १९०३ पासून एडा कोलमन मुख्य बारटेंडर होत्या, दोन दशकांहून जास्त काळ. आणि तरी १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिशिगन राज्याचा असा कायदा योग्य ठरवला, की मोठ्या शहरांत बाईने बारटेंडर व्हायचं तर ती मालकाची बायको किंवा मुलगी असली पाहिजे.

आपल्याकडे दिल्लीला लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात कलम ३० होतं. लोक जिथे दारू पितात तिथे २५ वर्षांखालच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला कामाला ठेवायला त्याने मनाई केली होती. डिसेंबर २००७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: धोका असेल तर बाईला सुरक्षितता द्या, तिची नोकरी काढून घेऊ नका. मुंबईच्या शतभी बासू यांनी तर त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, काउंटरमागे उभं राहून नाव कमावलं आणि पुढे प्रशिक्षणाची शाळाही काढली.

## मग कोर्समध्ये शिकवतात काय?

कृती पाठ होतात, ते सोपं. खरं शिक्षण हिशोबाचं. एक उदाहरण मांडून दाखवतो.

भारतात व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलिच्या छोट्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे १३ मिलि, वजनाने १० ग्रॅम. आता ६५० मिलिची, ८ टक्के स्ट्राँग बिअरची बाटली घ्या. त्यात शुद्ध अल्कोहोल ५२ मिलि, म्हणजे चार छोटे पेग. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो" असं म्हणणारा माणूस दोन बाटल्यांत आठ पेग पिऊन स्कूटरवर बसतो आणि त्याला ते कळलेलं नसतं. शरीर तासाला साधारण एक छोटा पेगच निपटू शकतं. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणूनच ते नवे 'लो अल्कोहोल' बार मला काळजीचे वाटतात. १० टक्के हे प्रत्येक घोटातलं प्रमाण आहे, एकूण किती प्यालो त्याचं माप नाही. 'लो' या शब्दावर विसंबून माणूस जास्त पितो. तिथे तर शिकलेला बारटेंडर अधिकच हवा.

त्याच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा म्हणजे नाही म्हणणं. आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा. मग खायला काही मागवायला लावायचं. पुढचा पेग मुद्दाम उशिरा द्यायचा, गप्पांत गुंतवायचं, सोबत्याला डोळ्याने खुणवायचं. आणि तरी नाही ऐकलं तर चार लोकांत त्याचा अपमान न करता स्पष्ट सांगायचं, "साहेब, आज इथपर्यंतच."

मला एकदा ते जमलं नाही. एका पावसाळी रात्री रोजच्या ओळखीतले एक गृहस्थ पाचव्या पेगनंतर सहावा मागत होते. त्यांचं बोलणं अडखळायला लागलंय हे मला दिसत होतं. मी मॅनेजरकडे पाहिलं. त्याने मान हलवली, दे म्हणून. मी दिला. ते स्कूटर घेऊन निघाले आणि पुढच्याच चौकात पडले. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन ते बारमध्ये आले आणि मला काही बोलले नाहीत, नुसता सोडा मागितला. तो ग्लास त्यांच्यासमोर ठेवताना माझा हात थरथरत होता. मॅनेजरने मान हलवली होती, पण पेग माझ्या हाताने ओतला गेला होता. त्या रात्रीनंतर मी कुणाची मान हलायची वाट पाहिली नाही. दोनदा त्यापायी बोलणी खाल्ली आणि एकदा नोकरी बदलली.

## "काही झालं तरी दारू वाईटच ना?"

हो, वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. अल्कोहोलने कर्करोग होतो हेही सिद्ध आहे. मध्य प्रदेशात २१ वर्षांखालच्या कुणाला दारू देणं गुन्हा आहे, आणि मी पोरगेल्या चेहऱ्यांकडून कार्ड मागितल्याशिवाय कधी ग्लास भरला नाही. ज्याच्या घरात दारूने संसार मोडलाय त्याने या पेशाबद्दल कडवट बोललं तर मी वाद घालणार नाही.

पण लोक पिणार आहेत आणि कायद्याने पिणार आहेत, तोवर त्यांच्यासमोर कोण उभं असावं? बाटली पुढे ढकलून पैसे मोजणारा, की "आज इथपर्यंतच" म्हणू शकणारा? मला दुसरा हवा, आणि तो आपोआप तयार होत नाही.

बारटेंडर स्वतः पिऊन बिघडतो, ही भीतीही खोटी नाही. मी दोन चांगले हात असे वाया जाताना पाहिले. म्हणून चव घ्यायची रीत शिकवतात: पेयात स्ट्रॉ बुडवायची, वरचं टोक बोटाने दाबायचं आणि अडकलेले चार थेंब जिभेवर सोडायचे. नोकरीत रात्री जातात, दिवाळीत तुम्ही कामावर असता आणि चाळिशीनंतर पिंढऱ्या बोलायला लागतात. हे नातवाला आधीच सांगितलेलं बरं.

आणि काम मिळेल का? मिळेल, आणि सगळं दारूचंच असेल असंही नाही. आता बऱ्याच ठिकाणी बिनदारूच्या पेयांची वेगळी यादी असते, आणि त्यात आपला पोरगा मागे राहायचं कारण नाही. कैरीचं पन्हं, कोकम, जिरं, हिंग, सैंधव, ही चव त्याला आजीच्या स्वयंपाकघरातूनच मिळाली आहे. इकडे आलिराजपूरकडच्या आदिवासी गटांची मोहाची दारू सरकारने 'हेरिटेज' म्हणून मान्य केली आहे. ज्या मोहाला वर्षानुवर्षं हातभट्टी म्हणून हिणवलं गेलं, त्याची चव ओळखून तो सन्मानाने ग्लासात मांडणारे हात माळव्यातलेच असावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

संध्याकाळी नातू स्वतः आला. मी माझा जुना पितळी पेग मेजर बाजूला ठेवला आणि त्याला रिकाम्या बाटलीत पाणी भरून दिलं. म्हटलं, मापाशिवाय, नुसत्या मनातल्या मोजणीवर तीस मिलि ओत. त्याने ओतलं. काकू उठल्या, घरी गेल्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं मापाचं झाकण घेऊन आल्या. दोनदा भरून त्यांनी पाणी मोजलं, चष्मा वर करून रेघ पाहिली.

"चौतीस आहे," त्या म्हणाल्या. "परत ओत."